मेव्हण्याची भाषा

दाजींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. खरं तर त्यांना दाजी म्हणण्याचा हक्क एकाच माणसाचा, बायकोच्या धाकट्या भावाचा. पण चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत दोघांनी मिळून प्रोग्राम लिहिण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा मेव्हणा दिवसभर "दाजी, हे बघा", "दाजी, ते बघा" असा घोष लावायचा. ते ऐकून खालचा चष्मेवाला दाजी म्हणायला लागला, मग चहा आणून देणारा, मग बँकेतल्या कॅशियर बाई. एकदा तर एका कंपनीचं पत्रच 'श्री. दाजी' या नावाने आलं. पाकीट बघून बायको म्हणाली, "गावभर मेव्हणे करून ठेवलेत तुम्ही."

मेव्हण्यालाही नाव पडलं होतं. कुठलंही काम समोर आलं की तो म्हणायचा, "तात्पुरतं लिहून टाकतो, मग बघू." ते 'मग' कधी यायचं नाही आणि तात्पुरतं लिहिलेलं वर्षानुवर्षं चालत राहायचं. म्हणून तो झाला तात्पुरते. नवीन माणसाला ते आडनावच वाटायचं. "तात्पुरतेसाहेब आहेत का?" असे फोन यायचे आणि दाजी शांतपणे सांगायचे, "आहेत. पण कायमचे."

ती खोली दाजींना अजून आठवते. आज तिथे कुणीतरी शिकवणीचे वर्ग घेतं, भिंती पिवळ्या होत्या त्या निळ्या झाल्या आहेत. तेव्हा तिथे दोन टेबलं होती, ट्रंकेएवढे खोल दोन मॉनिटर, आणि एक पंखा, जो फिरताना मान हलवून सगळ्याला नकार द्यायचा. खिडकीसमोर चष्मेवाल्याची पाटी लटकत असे. पत्र्याचा एक भलामोठा चष्मा, काचांच्या जागी नुसती गोल भोकं. बाहेरून तो दुकानाचा चष्मा, आतून यांची खिडकी. काम अडलं की दोघं एकेका काचेतून रस्ता बघत उभे राहायचे. तात्पुरते डाव्या, दाजी उजव्या.

या दोघांचं फाटलं ते वाचनालयाच्या प्रोग्रामवरून.

शहरातल्या सार्वजनिक वाचनालयांना आपला कारभार वेबवर आणायचा होता. घरबसल्या पुस्तक शोधता यावं, ते बाहेर गेलेलं असेल तर त्यासाठी नाव लावता यावं, पाळी आली की निरोप मिळावा, एवढंच. मुख्य ग्रंथपाल बाईंनी काम या खोलीवर सोपवलं. दाजी कागदावर आकृत्या काढायला बसले. त्यांची पसंती कडक भाषांना. तिथे प्रत्येक डब्यावर आधीच लिहावं लागतं, यात साखर की मीठ. मिठाच्या डब्यात साखर ओतायला गेलात तर भाषाच हात धरते. तात्पुरतेंची भाषा वेबवरची, हलकीफुलकी. तिथे डबा तोच, सकाळी त्यात साखर, दुपारी मीठ, संध्याकाळी खिळे, कुणी विचारत नाही. दाजींच्या आकृत्या पुऱ्या व्हायच्या आत तात्पुरतेंनी अख्खा प्रोग्राम त्या भाषेत लिहून बाईंना दाखवलासुद्धा.

"हे काय लिहिलंयस?" दाजींनी बाईंच्या देखत विचारलं.

"चालतंय ना, दाजी?"

"चालायला काय, वर्षाचं पोरही चालतं. धडपडत."

"मग पुढे नीट चालायला लागतं की."

"अरे, ही काही भाषा आहे? बडबड आहे ही. उद्या मला कुणी विचारलं ना, तर मी सांगेन, याच्याशी माझा काही संबंध नाही."

बाई घड्याळाकडे बघायला लागल्या. तात्पुरते हसले, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. त्यांनी आपला कीबोर्ड काढून पिशवीत घातला, वायर नीट गुंडाळून. वायर नीट गुंडाळलेली दाजींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, नंतरही नाहीत. गावाबाहेर त्यांनी रोपवाटिका काढली. घरच्या कार्यात दोघं शेजारी बसत, "उकडतंय नाही?" "हो, उकडतंय" इतकं बोलत आणि ताटात बघून जेवत.

प्रोग्राम मात्र चालत राहिला. धडपडत नव्हे, चांगला चालला. मुख्य वाचनालयातून शाखांत गेला. किरकोळ देखभाल दाजींकडेच होती. ते त्याला हात लावायचे तेव्हा परक्याच्या घरात शिरल्यासारखे लावायचे, आणि काम झालं की दार ओढून घ्यायचे.

एके दिवशी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "दाजी, वाईट बातमी आहे. आपला प्रोग्राम बंद करायचा म्हणतायत."

मुख्य कार्यालयाने ठरवलं होतं की सगळ्या वाचनालयांची यंत्रं यापुढे एकाच रनटाइमवर चालायची. रनटाइम म्हणजे प्रोग्रामांचं एक वसतिगृहच. कुणाला किती जागा द्यायची, कुणी टाकलेला पसारा कधी झाडून काढायचा, कुणी कुणाच्या खोलीत शिरायचं नाही, हे सगळं ते बघणार. कडक रेक्टरच्या हाताखालचं वसतिगृह. दाजींना असली व्यवस्था मनापासून आवडायची. पण त्या वसतिगृहात एकच बोली चालत होती, आणि तात्पुरतेंची भाषा तिथे कुणाला कळत नव्हती. तेव्हा जुनं काढून टाका आणि बाजारातला तयार प्रोग्राम घ्या, असा हुकूम होता. मुदत पुढच्या वर्षअखेरपर्यंत.

"तो तयार प्रोग्राम मी पाहिला," बाई म्हणाल्या. "पुस्तकासाठी नाव लावायचं तर वाचकाचा रक्तगट विचारतो. कुठल्या तरी दवाखान्यासाठी लिहिलेला दिसतोय. आपलाच नव्या भाषेत लिहून देता का?"

दाजी म्हणाले, "उद्या सांगतो."

त्या दिवशी ते उजव्या काचेतून बराच वेळ रस्ता बघत उभे होते. नव्याने लिहिणं अवघड नव्हतं. आकृत्या तर कधीच्या तयार होत्या. हीच ती संधी, असं काही वर्षांपूर्वी त्यांना वाटलंही असतं. पण आता 'काढून टाका' हे शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना ते सोसेनात. तो प्रोग्राम म्हणजे त्या खोलीत तात्पुरतेंचं उरलेलं एकमेव अस्तित्व होतं. तो पुसून त्यावर आपलं नीटनेटकं काही लिहायचं, म्हणजे त्या दिवशी बाईंसमोर जे बोललो त्यावर शिक्का मारायचा.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, "मी एक कंपायलर लिहिणार आहे."

"म्हणजे काय करणार?"

"म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्राम. आत्ता काय होतं, तुझ्या भावाची भाषा वाचायला शेजारी एक दुभाषा बसलेला असतो. तो एकेक ओळ वाचतो आणि मशिनला सांगतो. नव्या ठिकाणी त्या दुभाष्याला येऊ देत नाहीत. मग मी असं काहीतरी लिहिणार, की जे त्याचा अख्खा प्रोग्राम घेऊन आधीच त्यांच्या बोलीत उतरवून देईल. त्याने लिहिलेली एक ओळही बदलायची नाही. जशीच्या तशी."

बायकोने पोळी वाढता वाढता हात थांबवला. "अहो, त्यापेक्षा त्याला एक फोन करा ना."

"फोनचा काय संबंध?"

"काही नाही," ती म्हणाली. "लिहा तुम्ही कंपायलर. ते सोपं आहे."

सोपं ते नव्हतं. भाषा नुसती बोलणं वेगळं आणि तिचा कंपायलर लिहिणं वेगळं. बोलणाऱ्याला आपल्या गरजेपुरतं आलं की पुरतं. कंपायलर लिहिणाऱ्याला त्या भाषेत कुणी काय काय बोलू शकेल ते सगळं माहीत असावं लागतं. तिच्या खोडीसुद्धा. विशेषतः खोडीच. कारण कुठला तरी प्रोग्राम नेमका त्या खोडीच्या खांद्यावर हात ठेवून उभा असतो, आणि ती काढली की कोसळतो. ज्या भाषेला दाजींनी बडबड म्हटलं होतं, तिचं व्याकरण आता ते घोकायला बसले.

सुरुवातीला रोज संताप व्हायचा. '३ प्रती' या अक्षरांत २ मिळवले तर ही भाषा मुकाट्याने ५ म्हणायची. "प्रती कुठे गेल्या?" दाजी एकटेच पंख्याला विचारायचे. पंखा मान हलवायचा. 'काहीच नाही' आणि 'शून्य', यांत तिला फरक वाटायचा नाही, आणि मधेच वाटायचाही. एखादी यादी दुसऱ्याच्या हाती दिली की तिची आपसूक वेगळी प्रत व्हायची, त्याने खाडाखोड केली तरी मूळ यादी शाबूत. रनटाइमच्या घरात उलटं, दोघांच्या हातात एकच यादी. तेव्हा दाजींनी असं बसवलं की कुणी लिहायला पेन टेकवेपर्यंत यादी एकच ठेवायची आणि पेन टेकताक्षणी प्रत काढायची. हे जमलं त्या दिवशी त्यांनी चहावाल्याला उगाचच दोन चहा सांगितले. दुसरा टेबलावर तसाच निवला.

मग हळूहळू संताप कमी झाला. या भाषेचा स्वभाव त्यांना कळायला लागला. ती ढिली होती, पण दुष्ट नव्हती. समोरच्याने अर्धवट काही म्हटलं तरी तिचा सूर असा, की असू दे, तुला काय म्हणायचंय ते कळलं मला. चूक काढण्याआधी अर्थ लावून बघायची. असा स्वभाव असलेला एक माणूस त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

तपासणीसाठी ते तात्पुरतेंचा प्रोग्राम रोज थोडा थोडा कंपायलरमधून काढत. प्रोग्रामात मधे मधे शेरे होते. मशिन ते वाचत नाही, गाळून टाकतं. ते माणसाने माणसासाठी लिहिलेले असतात. तात्पुरतेंचे शेरे असे: 'इथे दाजी भडकणार.' 'हे असं का चालतं ते विचारू नये.' 'खालची ओळ काढल्यास सगळं झोपतं. माझ्यासकट.' देखभाल करताना दाजींनी हे पूर्वीही पाहिले असणार, पण तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आता ते वाचून खुर्चीत हलेपर्यंत हसले, आणि खालून चष्मेवाल्याने हाक मारली, "दाजी, वर पाहुणे आलेत का?"

मुदत जवळ येत गेली. जवळपास सगळं होत आलं होतं, फक्त याद्या पुरेशा वेगाने चालत नव्हत्या. त्या भाषेत यादीचा प्रत्येक खण नावाने उघडता यायचा, शिवाय यादी वाचायला घेतली की ज्या क्रमाने नावं घातली त्याच क्रमाने ती बाहेर यायची. रनटाइमकडे असं नावाचे खण असलेलं एक तयार कपाट होतं. झटपट उघडायचं. पण त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं, क्रमाची हमी नाही. दाजींनी घालून पाहिलं. शंभर नावं घातली, क्रमाने आली. हजार घातली, क्रमाने आली. उलटीसुलटी घातली, जशी घातली तशीच आली.

दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःशी म्हटलं, चालतंय ना, मग असू दे. तात्पुरतं वापरू, मग बघू.

मुख्य वाचनालयात महिनाभर चाचणी ठरली. महिन्याच्या शेवटी मुख्य कार्यालयाचे तपासनीस येणार, सगळं सुरळीत असेल तर प्रोग्राम राहणार, एकही तक्रार आली तर रक्तगट विचारणारा येणार. बाईंनी दाजींना बजावलं, "माझं म्हणणं कुणी ऐकणार नाही. ते फक्त तक्रारींचं रजिस्टर बघतात."

पहिले काही दिवस छान गेले. दाजी रोज संध्याकाळी वाचनालयात एखादं मासिक पुढ्यात धरून बसायचे आणि काउंटरकडे बघायचे. वाचक यायचे, पडद्यावर बघायचे, जायचे. आपण काहीतरी नव्यावर चालतोय याचा कुणाला पत्ता नव्हता. कंपायलर लिहिणाऱ्याला याहून मोठं सुख नसतं.

मग एका सकाळी बाईंचा फोन. "ताबडतोब या."

काउंटरवर एक निवृत्त पोस्टमास्तर उभे होते, हातात पिशवी, आवाज अख्ख्या वाचनालयाला पुरेल असा. एका कादंबरीसाठी त्यांनी नाव लावलं होतं. पाळी आली असेल म्हणून आले, तर कादंबरी त्यांच्या ओळखीतल्याच एका बाईंकडे गेलेली. आणि त्या बाईंनीच दारात भेटल्यावर कौतुकाने सांगितलं होतं, "अहो, कालच नाव लावलं आणि आज मिळालीसुद्धा!"

"मी तीन आठवडे थांबलोय," पोस्टमास्तर म्हणाले. "त्या काल आल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, त्या चांगल्या आहेत. मला एवढंच सांगा, इथे रांग असते की नसते?"

"असते हो काका," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "मशिनचं काहीतरी झालंय. दोन दिवस द्या."

"दोन दिवस दिले. मग मात्र मी लेखी देणार."

दाजींच्या मनात पहिला विचार आला तो जुन्या सवयीने आला: मेव्हण्याने कुठेतरी घोटाळा करून ठेवला असणार. खोलीवर येऊन त्यांनी जुनं मशिन लावलं, तेच वाचक आणि तीच नावं दिली, आणि पाहिलं. जुन्यावर पोस्टमास्तर आपल्या पाळीवर बरोबर होते. म्हणजे प्रोग्राम निर्दोष. घोटाळा कंपायलरचा, दाजींचा.

ते दिवसभर शोधत होते. नावं घालून बघत, वाचून बघत. दरवेळी रांग शिस्तीत बाहेर यायची. कपाटाची हमी नाही हे त्यांना ठाऊक होतं, संशय तिथेच होता. पण ते कपाट त्यांच्यासमोर एकदाही चुकायला तयार नव्हतं. आणि जे चुकताना दिसत नाही, ते दुरुस्त झालं हे तरी कशावरून कळायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने डबा हातात देताना विचारलं, "फोन लावू त्याला?"

"नको," दाजी म्हणाले. त्यांनी डबा पिशवीत घातला. मग ते म्हणाले, "मी जातो."

रोपवाटिकेत तात्पुरते कुंड्यांच्या रांगांमधून रबरी नळी ओढत होते. केस पिकले होते, चाल तीच. दाजींना बघून त्यांनी नळी खाली टाकली, पाणी वाटेवर वाहत राहिलं.

"दाजी! ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळे बरे आहेत." दाजी एका उपड्या बादलीवर बसले. "उकडतंय."

"हो, उकडतंय," तात्पुरते म्हणाले आणि वाट बघत उभे राहिले.

दाजींनी मग एका दमात सांगून टाकलं. हुकूम, कंपायलर, चाचणी, पोस्टमास्तर.

"थांबा, थांबा," तात्पुरते म्हणाले. "ताई म्हणाली होती, तुम्ही माझ्या भाषेवर काहीतरी लिहिताय. मला वाटलं, तक्रार लिहिताय."

"एक ओळ बदलली नाही तुझी."

"एकही नाही? ते वाचकाच्या पत्त्याचं जे केलंय मी, तेसुद्धा?"

"तेसुद्धा. भयंकर आहे ते. पण चालतं."

तात्पुरतेंनी वाकून नळ बंद केला. तेवढा वेळ त्यांचं तोंड दिसलं नाही. उठले तेव्हा आवाज कामाचा होता. "बरं, रांग चुकते म्हणता. तुम्ही तपासली कशी?"

"नावं घातली. वाचून काढली. कितीही घाल, क्रमाने येतात."

"आणि नावं काढली?"

"काढायची कशाला?"

तात्पुरते बघतच राहिले. "अहो, लोक काढतात! पुस्तक मित्राकडे मिळालं, परीक्षा आली, चष्मा फुटला, नाहीतर नुसतंच मन फिरलं. मी स्वतः चार पुस्तकांना नाव लावून तीन रद्द करतो. दाजी, खरं सांगा, तुम्ही आयुष्यात ठरवलेलं काही एकदा तरी रद्द केलंय?"

 दाजी समोरच्या कुंड्यांकडे बघत होते, पण त्यांना दिसत होतं ते कपाट. "मधली एक कुंडी काढ," ते म्हणाले.

तात्पुरतेंनी काढली.

"आता नवीन आली. कुठे ठेवशील?"

"या रिकाम्या जागेत. आणखी कुठे? जागा वाया कशाला घालवू?"

"तेच. तेच करतंय ते कपाट. जोवर नुसती भर पडते तोवर नवा शेवटी जातो. मधलं कुणी निघून गेलं, की त्या मोकळ्या खणात नव्याला बसवतं. पोस्टमास्तरांच्या पुढचा कुणीतरी नाव काढून गेला आणि मागून आलेल्या बाई त्याच्या जागी जाऊन बसल्या. रांगेत घुसल्या, आणि त्यांनाही पत्ता नाही."

"आणि माझ्या भाषेत असं होत नाही?"

"नाही. तुझी भाषा कोण कुणाच्या मागे आलं ते लक्षात ठेवते."

"अरे वा," तात्पुरते मनापासून म्हणाले. "मला माहीतच नव्हतं. मी आपला लिहीत गेलो."

"मला माहीत होतं," दाजी म्हणाले. "आणि मी... तात्पुरतं केलं."

 तात्पुरते जे हसायला लागले, ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. एक रोप घ्यायला आलेलं जोडपं फाटकातच थबकलं. दाजींनी पुष्कळ वेळ तोंड गंभीर ठेवलं, मग त्यांनाही ते जमेना.

तसेच दोघं खोलीवर आले. तात्पुरते जिना चढताना प्रत्येक पायरीवर काहीतरी बोलत होते. दाजींनी तयार कपाट काढून टाकलं आणि स्वतःचं लिहायला घेतलं. प्रत्येक खणाने आपल्या पुढच्याचा आणि मागच्याचा हात धरून ठेवायचा. मधला गेला, तर उरलेल्या दोघांनी एकमेकांचे हात धरायचे. नवा येईल तो कायम शेपटाला. दाजी लिहीत होते आणि तात्पुरते दुसऱ्या टेबलावर बसून छळत होते. नाव लावत, रद्द करत, पुन्हा लावत, एकाच पुस्तकाला दोनदा लावत, पाळी आल्यावर काढत.

"असं कोण करतं?" दाजी ओरडले.

"मी करतो. लिहा तुम्ही."

त्या खोलीतल्या सगळ्या दिवसांत दाजींना हा दिवस वेगळा काढून आठवतो. कुणी कुणाची माफी मागितली नाही. त्या जुन्या दिवसाचं नाव निघालं नाही. पंखा नेहमीसारखा नकार देत होता, रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा खटाटोप करत होतं, आणि दुसऱ्या खुर्चीतून दर थोड्या वेळाने हाक येत होती, "दाजी, हे बघा."

पोस्टमास्तरांना कादंबरी मिळाली. त्यांनी लेखी दिलं, पण आभाराचं, आणि त्यात रांगेचं महत्त्व या विषयावर एक परिच्छेद होता. तपासनीस आले तेव्हा रजिस्टरमध्ये तेवढंच सापडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, कुठे तक्रार दडली आहे का ते पाहिलं, आणि सही केली. प्रोग्राम राहिला. मग शाखांमधल्या इतरांच्या त्याच भाषेतल्या बारीकसारीक प्रोग्रामांनाही त्या कंपायलरने नव्या घरात नेऊन सोडलं, आणि ते सगळं बरीच वर्षं चाललं. आता अर्थातच सारं बदललंय. वाचनालयात दाजी गेले तर तिथल्या मुलांना त्यातलं काही माहीत नसतं, आणि दाजीही सांगत नाहीत.

सही झाल्यावर त्याच आठवड्यात ग्रंथपाल बाई स्वतः जिना चढून वर आल्या. "एक छोटी मागणी आहे. कुणी नाव काढून घेतलं की मागच्या सगळ्यांना निरोप गेला पाहिजे, तुमची पाळी एकाने पुढे सरकली म्हणून. दाजी, करून द्याल?"

दाजी खुर्चीतून उठले. "ते माझं काम नाही, बाई. प्रोग्राम याचा आहे." आणि त्यांनी खुर्ची मेव्हण्याकडे वळवली.

तात्पुरतेंनी पँटला हात पुसले. नखांत माती होती. इतक्या वर्षांनी त्यांनी आपला प्रोग्राम उघडला, खाली वर फिरवला, एक जागा शोधली आणि दोन बोटांनी भराभर लिहायला लागले. दाजी मागे उभे. दोन ओळी झाल्या आणि तात्पुरतेंनी कंपायलर सुरू केला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'वाक्य पूर्ण केलेले नाही. कृपया पूर्ण करावे.'

"बघा बाई," तात्पुरते म्हणाले. "माझ्या भाषेत हे असं कुणी बोलत नसे. हे आमच्या दाजींचं बोलणं आहे."

"ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलाय," दाजी म्हणाले.

"कळलं की त्याला मला काय म्हणायचंय!"

"कळलं. तरी टाक."

"एवढं कळतं तर त्यानेच टाकावा."

"तो टाकणार नाही. आणि हे मधे काय लिहिलंयस? हे असं लिहितात?"

"चालेल की नाही तेवढं सांगा."

बाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, दुसरी खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या. फोन वाजला. दाजींनी एका हाताने उचलला, पलीकडे बायको होती. जेवायला दोघं येताय का, म्हणून विचारत होती.

"येतो," दाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "पण वेळ लागेल. हा ऐकत नाहीये."